शनवार तेली आणि ओलिस्लाखर

कोलाडजवळ सुतारवाडी नावाचे गाव आहे. येता-जाता पाटी दिसते, गाडी पुढे जाते आणि नावाचा विचार कुणी करत नाही, कारण त्यात विचार करण्यासारखे काही आहे असे वाटतच नाही. सुतारांची वाडी ती सुतारवाडी. पण 'सुतार' हा शब्द थोडा उकलला की आत एक दोरी सापडते. मूळ संस्कृत शब्द 'सूत्रधार', म्हणजे सूत धरणारा. ओंडका चिरायच्या आधी रंगात बुडवलेली दोरी त्याच्या दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. लाकडावर सरळ रेघ उमटते. मग करवत त्या रेघेवरून चालते. आपल्या पूर्वजांना या माणसाच्या हातातली करवत, वाकस, पटाशी दिसत असणारच. नाव देताना मात्र त्यांनी दोरी निवडली. मोजमाप चुकले तर बाकीची मेहनत वाया जाते, हे जाणणाऱ्यांनी दिलेले हे नाव आहे.

नेदरलँड्समध्ये याच कामाचे आडनाव आहे टिमरमान. 'टिमर' म्हणजे इमारती लाकूड आणि 'मान' म्हणजे माणूस. तिथे नाव लाकडावरून पडले, इथे दोरीवरून. काम एकच, पण दोन समाजांनी त्याच्याकडे पाहिले वेगवेगळ्या बाजूंनी.

डच लोक आपल्याला परके नाहीत. जुन्या मराठी कागदांत त्यांना 'वलंदेज' म्हटले आहे, आणि वेंगुर्ल्याला १६३७ साली त्यांनी घातलेल्या वखारीचे अवशेष आजही उभे आहेत. या वलंदेजांची आडनावे पाहिली की ती कामांची यादीच वाटते. बाकर म्हणजे पाववाला. फिसर म्हणजे कोळी. स्मिट म्हणजे लोहार. मुल्डर म्हणजे पवनचक्कीवर धान्य दळणारा. डेकर म्हणजे घरे शाकारणारा. शिपर म्हणजे तांडेल. सूर्यमालेच्या कडेला असलेला 'कायपर पट्टा' ज्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो, तो १९०५ साली नेदरलँड्समध्ये जन्मलेला गेरार्ड कायपर; त्याच्या आडनावाचा अर्थ लाकडी पिंपे बनवणारा. बाकर, फिसर, स्मिट आणि मुल्डर ही तर आजही त्या देशातल्या सर्वांत मोठ्या संख्येने आढळणाऱ्या आडनावांत मोडतात.

ही नावे कायमची कशी झाली, याची एक तारीख सांगता येते. १८१० साली नेपोलियनने नेदरलँड्स फ्रान्सला जोडून घेतले. १८ ऑगस्ट १८११ रोजी हुकूम निघाला की ज्याला आडनाव नाही त्याने ते घ्यावे आणि सरकारी दप्तरात नोंदवावे. शहरांमध्ये बहुतेकांना आडनाव आधीपासून होते. उत्तरेकडच्या भागांत मात्र बापाचे नाव लावूनच अनेकांचे भागत असे. त्यांना आता एक नाव ठरवावे लागले. लोकांनी सरकारची चेष्टा म्हणून विचित्र नावे लिहून दिली, अशा गोष्टी तिथे हौसेने सांगतात. त्यासाठी 'नाक्तखेबोरन' हे आडनाव नेहमी पुढे केले जाते, कारण ऐकताना त्याचा अर्थ 'नागडा जन्मलेला' असा होतो. खरी गोष्ट निराळी आहे. मूळ शब्द 'मागाहून जन्मलेला', म्हणजे बाप वारल्यावर जन्माला आलेले मूल, असा होता. उच्चार घासला गेला आणि अर्थ बदलल्यासारखा वाटू लागला. एका घराचे दुःख पुढे विनोद म्हणून सांगितले जाऊ लागले. आडनावाचा अर्थ लावताना कानावर विसंबून चालत नाही, ते यासाठी.

या डच यादीतले एक नाव मला रोहे, पेण, अलिबाग या पट्ट्यात घेऊन येते. ते नाव ओलिस्लाखर. 'ओली' म्हणजे तेल आणि 'स्लाखर' म्हणजे ठोकणारा, हाणणारा. तेल हाणून काढणारा तो ओलिस्लाखर. अँटवर्पच्या डचभाषक मुलखात १८८३ साली जन्मलेला यान ओलिस्लाखर्स मोटारसायकलच्या शर्यतींत गाजला आणि पुढे पहिल्या महायुद्धात बेल्जियमचा नावाजलेला वैमानिक झाला. विमान उडवणाऱ्या या माणसाच्या नावात तेलाची गिरणी होती.

पण तेल 'हाणून' कसे काढतात? ॲमस्टरडॅमच्या उत्तरेला झान नदीकाठी तेलाच्या जुन्या पवनचक्क्या जपून ठेवल्या आहेत. 'द झूकर' ही त्यातली एक. वाऱ्याने पाती फिरतात आणि आत दगडाची दोन जड उभी चाके जवस भरडतात. ते पीठ विस्तवावर कोमट करून लोकरीच्या पिशव्यांत भरतात आणि पिशव्या लाकडी ठोकळ्याच्या खाचेत बसवतात. मग त्या खाचेत एक पाचर ठोकली जाते. पवनचक्कीच्या जोरावर वर उचललेला जाड लाकडी सोट पाचरीवर आदळतो, पुन्हा उचलला जातो, पुन्हा आदळतो. प्रत्येक घावासरशी पिशव्या चेपत जातात आणि जवसाचे तेल खाली झिरपते. दिवसभर ठक-ठक चालू असते. त्या आवाजातून हे नाव आले.

आपला घाणा आवाज करतो तो करकरण्याचा. जमिनीत रोवलेले जाड खोड, त्याला कोरलेले उखळ, उखळात तिरकी उभी असलेली लाट, आणि लाटेला जोडलेल्या आडव्या लाकडाला जुंपलेला बैल. बैलाच्या डोळ्यांना झापड, म्हणजे गोल-गोल फिरताना भोवळ येऊ नये. उखळात तीळ किंवा खोबरे पडते, लाट ते कडेला रगडत राहते आणि तळातून तेल सुटू लागते. मागे उरते ती पेंड, गुरांच्या दावणीत जाते. डच गिरणीतही तसेच, जवसाची पेंड गुरांनाच. एकीकडे वारा आणि घाव, दुसरीकडे बैल आणि रगडा, पण दोन्हीकडे धंदा तोच.

रायगड जिल्ह्यातल्या गावागावांतून, म्हणजे जुन्या कुलाबा जिल्ह्यातून, हे काम शेकडो वर्षे करणाऱ्यांत एक समाज वेगळा होता. त्यांचा घाणा शनिवारी बंद असे. शनिवारी बैल जुंपायचा नाही, घरात विस्तव पेटवायचा नाही. शिवाच्या वाराला, सोमवारी, घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली' आणि शनिवारी बंद ठेवणारे ते 'शनवार तेली'. हे शनवार तेली म्हणजे बेने इस्राएल, कोकणातले मराठीभाषक यहुदी. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरा सांगते. पोथ्या समुद्रात गेल्या. आठवणीत राहिली ती एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शनिवारची सुट्टी.

इथे वलंदेजांचा धागा पुन्हा हाती येतो. कोचीला डच कंपनीचे प्रमुख व्यापारी होते येहेझ्केल राहाबी. ते स्वतः यहुदी. १७६८ साली युरोपात धाडलेल्या पत्रात त्यांनी कोकणातल्या या लोकांची हकिकत लिहिली: मराठ्यांच्या मुलखात गावोगाव विखुरलेले, तेल काढून पोट भरणारे, सब्बाथ म्हणजे शनिवारची सुट्टी पाळणारे. म्हणजे बाहेरच्या जगाला या समाजाची ओळख झाली ती त्याच्या घाण्यासकट.

आता प्रश्न असा. तेल काढणाऱ्या डच घराण्याचे आडनाव ओलिस्लाखर झाले. मग पिढ्यानपिढ्या तेल काढणाऱ्या बेने इस्राएल घराण्यांचे आडनाव 'तेली' का झाले नाही? त्यांची नावे पाहा. रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर, आष्टमीचे आष्टमकर. घाण्याचा मागमूसही नाही. प्रत्येक नावात एक गाव आहे, आणि ती गावे कोलाडपासून फार दूर नाहीत. आष्टमी तर रोह्याच्या समोर, कुंडलिका नदीच्या पलीकडच्या काठावर.

उत्तर शोधायचे तर आडनाव कशासाठी असते, इथून सुरुवात करावी लागते. नावाचे पहिले काम वेगळे ओळखू येणे. एखाद्या डच गावात यान नावाची दहा माणसे असतील, पण तेलाची गिरणी चालवणारा यान एकच. 'तेलवाला यान' म्हटले की चुकायचे काही कारण नाही. कोकणात शनवार तेली म्हटल्यावर सगळा समाजच आला. एका तेल्याला दुसऱ्या तेल्यापासून ओळखायला ते नाव निरुपयोगी. शिवाय ते त्यांनी स्वतःला दिलेले नव्हते. शेजाऱ्यांनी बाहेरून पाहिले, शनिवारी थांबलेला घाणा दिसला आणि त्यावरून हाक मारली. ते स्वतःला म्हणवत बेने इस्राएल, इस्राएलाची लेकरे.

'कर' लागलेल्या नावाची गोष्ट आणखी वेगळी आहे. रोह्यात राहणाऱ्याला रोहेकर म्हणून काय उपयोग? तिथे सगळेच रोहेकर. माणूस गाव सोडून दुसरीकडे गेला की हे नाव त्याला चिकटते. अठराव्या शतकापासून बेने इस्राएल कुटुंबे मुंबईकडे सरकू लागली. कुणी इंग्रजांच्या पलटणीत भरती झाले, कुणी गोदीत, कुणी सुतारकामात, पुढे कुणी कचेऱ्यांत. पलटणीतून सुभेदारपदापर्यंत चढलेले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतले पहिले सिनेगॉग बांधले. पलटणीच्या यादीत, शाळेच्या पटावर, कोर्टाच्या कागदावर नाव लिहायची वेळ आली तेव्हा 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाचे उत्तर आडनाव होऊन बसले. घाणा मागे गावात राहिला होता. सोबत आले ते गावाचे नाव. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. त्यावर किहीमचे नाव आहे.

याचा अर्थ कामावरून आपल्याकडे आडनावे पडलीच नाहीत असा नाही. सुतार, लोहार, कुंभार, गुरव, तेली ही आडनावे महाराष्ट्रभर आहेत. गावगाड्यात सुताराचे, लोहाराचे किंवा गुरवाचे घर बहुधा एखादेच. म्हणून तिथे कामाचे नाव वेगळी ओळख देऊ शकले. सगळ्यांत पक्के बसले ते पदाचे नाव, कारण पद गावात किंवा परगण्यात एकालाच मिळते. जुन्या ताम्रपटांतला 'पट्टकिल' घासत घासत 'पाटील' झाला. परगण्याचा महसूल गोळा करणारा वतनदार देशमुख, त्याचा हिशेब ठेवणारा देशपांडे, गावाचे दप्तर सांभाळणारा कुलकर्णी, कोकणात सरकार आणि कुळे यांच्यामध्ये बसलेला खोत. चिटणीस, फडणीस, टिपणीस, पोतनीस यांच्या शेवटी असलेला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा.

डच भाषेत देशमुखाच्या जवळ जाणारे आडनाव आहे स्खाउटन. १६१६ साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून त्या भूशिराला आपल्या हूर्न शहराचे नाव देणारा दर्यावर्दी विलेम स्खाउटन हा त्याच नावाचा. 'स्खाउट' हा गावचा मोठा अधिकारी. न्यायसभेत तो बसायचा, दंड वसूल करायचा, धन्याच्या वतीने कारभार पाहायचा. जुन्या जर्मानिक भाषेतला त्याचा मूळ अर्थ 'देणे चुकते करायला सांगणारा'. देशमुखाचे कामही तेच होते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नेदरलँड्समधून स्खाउटचे पद गेले, आडनाव राहिले.

आपल्याकडे हेच घडताना एका माणसाच्या आयुष्यात पाहता येते, आणि तो माणूस रोह्याचा आहे. चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी झाला. त्यांचे घर रोह्याचे, बालपण या भागातच गेले. १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, इंग्लंडला जाऊन आयसीएस झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० साली ते भारताचे अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या निवडणुकीत कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच १९५० साली मुंबई राज्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा केला. देशमुखी, देशपांडेपणा, कुलकर्णीपण कायद्याने संपले. आडनावाने ज्यांना परगण्याचा महसूल गोळा करणारा म्हटले जात होते, ते सगळ्या देशाचा महसूल पाहत असताना त्या नावातले मूळ काम कागदावरून पुसले गेले. १९५६ साली मुंबई महाराष्ट्राला मिळावी या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला.

खोतांचे नाव निघाले की याच जिल्ह्यातले चरी आठवल्याशिवाय राहत नाही. खोतांच्या जाचाविरुद्ध अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ साली संप पुकारला. जमिनी पडीक ठेवल्या, उपास काढले, पण तो वर्षानुवर्षे चालवला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती गेली. ज्यांनी खोती घालवायला लढा दिला त्यांचा पुढारी आडनावाने पाटील होता, आणि खोत हे आडनाव आजही आहे. म्हणजे नाव पाहून माणसाची बाजू सांगता येत नाही.

आपल्या आणि डच आडनावांत एक फरक मात्र आहे, आणि तो झाकून ठेवणे बरोबर नाही. बाकरचा मुलगा शिक्षक झाला तरी बाकर या नावाचे त्याच्यावर ओझे नसते. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी पाव भाजत होता, एवढेच ते नाव सांगते. आपल्याकडे काम जन्माला बांधले गेले. कामाचे नाव जातीचे नाव झाले आणि जातीबरोबर उंची-नीची आली. देशमुख म्हटले की मान आणि तेली म्हटले की खालची पायरी, अशी वागणूक पिढ्यान् पिढ्या मिळाली. तेलाशिवाय ना देवापुढचा दिवा लागतो, ना चुलीवरची फोडणी बसते. तरीही ते काढणाऱ्याचे नाव हिणवायला वापरले गेले. अनेक घराण्यांनी कामाची नावे सोडून गावाची 'कर' नावे घेतली, त्यामागे ही जखम आहे. बेने इस्राएलांनी 'शनवार तेली' ही हाक आडनावात येऊ दिली नाही, त्याचेही हे एक कारण मानायला हवे. आडनावाचा अर्थ सांगणाऱ्याने शब्दाची व्युत्पत्ती देऊन थांबू नये. त्या नावाने हाक मारली जात होती तेव्हा ऐकणाऱ्याला काय वाटत होते, हाही अर्थाचाच भाग आहे.

आज कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यावर नवे धंदे उभे राहिले आहेत. भिऱ्याच्या वीजघरातून सोडलेल्या पाण्यावर सकाळी रबरी होड्या उतरतात आणि वल्हे कसे धरायचे ते गावातली मुले मुंबईच्या पाहुण्यांना शिकवतात. कोकण रेल्वेचे रोह्यानंतरचे पहिले स्थानक इथेच. मालाने भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून थेट गोव्यातल्या वेर्ण्याला नेणारी सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी कोलाडहूनच सुरू झाली. होडी वल्हवणारे, ट्रक रेल्वेवर चढवणारे, अशी नवी कामे करणारी माणसे इथे आहेत, पण त्या कामांवरून कुणाला आडनाव मिळणार नाही. आधार कार्डावर नाव गोठलेले आहे. नाव पडण्याची वेळ प्रत्येक समाजात एकदाच येते: काम चालू असते, लोक हाक मारत असतात आणि लिहिणारा नुकताच दौत-टाक घेऊन बसलेला असतो. त्या दिवशी जे काम चालू होते तेच पुढे नाव म्हणून राहते.

१९४८ नंतर बेने इस्राएल कुटुंबे मोठ्या संख्येने इस्राएलला गेली. तिथे हिब्रू बोलणाऱ्या गल्लीत आजही रोहेकर, पेणकर, किहीमकर अशा पाट्या दारांवर दिसू शकतात. तिथे जन्मलेल्या मुलाने कुंडलिका पाहिलेली नसते, तरी त्याच्या नावात रोहे असते. त्याच्या पणजोबाच्या घाण्याचा मात्र नावात पत्ता नाही. उलट ओलिस्लाखर नावाच्या माणसाला आपले पूर्वज तेल काढत होते हे नावच सांगते, पण ते कुठल्या गावचे हे सांगत नाही. एका नावाने काम जपले आणि गाव हरवले, दुसऱ्याने गाव जपले आणि काम हरवले. कुठलेही आडनाव दोन्ही वागवू शकत नाही. जे नावात मावले नाही ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात असते: शनिवारी बैल का सोडून देत, पेंड कुणाच्या गोठ्यात जाई, दिव्याला तेल कुठल्या घाण्याचे येई. ते विचारून लिहून ठेवले, तर आडनावाची उरलेली बाजू हाती लागते.